अण्णांनी गोळ्या बंद करून कारल्याचा रस सुरू केलाय, घरगुती उपायांवर शुगर खरंच राहते का?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण सगळं एकदाच सांगते म्हणजे परत परत विचारायला नको. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ६१, गावी वाळवा तालुक्यात असतात, ऊस आहे आणि थोडं सोयाबीन. मी लग्न होऊन ठाण्याला. मागच्या वर्षी डोळ्याला अंधारी येते म्हणून तपासलं तर उपाशीपोटी १९२, जेवल्यावर २८७ आणि तीन महिन्यांची सरासरी म्हणजे एचबीए१सी ९.१ निघाली. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ आणि ग्लिमेपिराइड १ सकाळी अशा गोळ्या दिल्या, दोनेक महिन्यांत उपाशीपोटीची १३८ वर आली, आम्ही सगळे खूश.

मग एका लग्नात कोणी पाव्हणे भेटले, त्यांनी सांगितलं की गोळ्या एकदा लागल्या की आयुष्यभर सुटत नाहीत आणि किडन्या जातात, त्यापेक्षा कारलं, जांभळाच्या बियांची पावडर, कडुलिंबाचा पाला असं सगळं मिक्सरला लावून सकाळी ग्लासभर घ्या. अण्णांनी २४ दिवस झाले गोळ्या बंद केल्यात. मला आत्ता परवा आईकडून कळलं, ते पण बोलता बोलता. अण्णा म्हणतात अंगात एकदम हलकं वाटतंय, वजनपण २ किलो उतरलंय, म्हणजे रस लागू पडला. आई म्हणते रात्रीत तीनदा उठतात लघवीला आणि उशाशी तांब्या लागतो.

चहा ते पाच वेळा घेतात पण गुळाचा. गूळ घरचाच, गुऱ्हाळावरचा, बिनाकेमिकलचा, त्यामुळे त्याने काही होत नाही असं त्यांचं ठाम मत. आई रात्री मेथ्या भिजवते आणि सकाळी ते पाणी देते.

मला खरंच जाणून घ्यायचंय की यातलं काय चालतं आणि काय नाही. मी आयुर्वेदाच्या किंवा घरगुती उपायांच्या विरोधात नाहीये, आमच्या आजीने आम्हाला काढ्यांवरच वाढवलंय. पण अण्णांशी भांडायचं नाहीये, ते रागावले की जेवण सोडतात. काय बोलू आणि कसं बोलू सांगा.

भाकरी_कालवण

ताई, मी बार्शीचा, वय ५७, मला शुगर निघून १४ वर्षं झाली. मी पण सगळं करून बघितलंय, कारलं, मेथी, जांभूळ, बिबळ्याच्या लाकडाचा पेला, काही सोडलं नाही. त्यामुळे जे सांगतो ते अनुभवाचं सांगतो.

पहिली गोष्ट मेथीची. आईला सांगा पाणी देताय आणि दाणे टाकताय तर उलटं चाललंय. मेथीत काम करतो तो तिचा चिकट बुळबुळीतपणा, म्हणजे विरघळणारा तंतू, त्याने जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरते, आणि तो बहुतेक दाण्यातच राहतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर काम झालंय आणि तिथे रोज २५ ग्रॅम आणि त्याहून जास्त मेथी दिली होती. आपला चहाचा चमचा भरला तर जेमतेम ४ ग्रॅम बसते. आता २५ ग्रॅम मेथी रोज खाणं काही सोपं नाही, पोटात गुबारा धरतो, पहिल्या आठवड्यात मला घरात बसवेना. मी हळूहळू वाढवत दोन चमच्यांवर आलो, भिजवलेली मेथी मोड आणून उसळीत टाकतो किंवा जाडसर वाटून भाकरीच्या पिठात मळतो. माझ्या जेवणानंतरच्या आकड्यात १५-२० चा फरक पडतो. पडतो, नाही असं नाही. पण १९२ ची ११० काही मेथी करत नाही, आणि गोळी आणि मेथी एकदम घेऊ नका, मध्ये तासा-दोन तासांचं अंतर ठेवा.

दुसरं गुळाचं, हे जरा प्रेमाने पण स्पष्ट सांगावं लागेल. गूळ घरचा असो, सेंद्रिय असो, काळा असो, तो उसाचाच रस आटवलेला आहे. त्यात लोह वगैरे किंचित असेल पण बाकी सगळी साखरच. पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे धरले तर दिवसाला दहा चमचे झाले. वर कारल्याचा रस पिऊन काय होणार? मध पण तसाच. मी स्वतः आधी साखर बंद करून गूळ सुरू केला होता आणि वर्षभर स्वतःला फसवत होतो, मीटर आणल्यावर कळलं.

मीटर घ्या. हा माझा सगळ्यात मोठा सल्ला. अण्णांशी भांडू नका, त्यांच्या हातात मीटर द्या. शेतकरी माणूस आहे, वजनकाटा आणि पावती यावर विश्वास ठेवतो, कारखान्याच्या काट्यावर उसाची गाडी मोजून घेतो तसं हे पण मोजून घ्या म्हणावं. मी पण असंच केलं, एक दिवस एक प्लेट पोहे खाल्ले, आधी ११८ आणि दोन तासांनी २१४. दुसऱ्या दिवशी अर्धी प्लेट पोहे, वर वाटीभर मोडाची मटकी आणि नंतर पंधरा मिनिटं गल्लीत चाललो तर १६३. त्या दिवसापासून मला कोणी काही सांगावं लागलं नाही. बोट साबणाने धुऊन पुसून मग टोचा, हाताला गूळ किंवा फळ लागलेलं असेल तर आकडा खोटा मोठा येतो, हे गावाकडे हमखास होतं.

आणि भाकरी. सगळे म्हणतात ज्वारीची भाकरी शुगरला चालते, चालते पण किती? आमच्याकडची थापलेली एक भाकरी ६०-७० ग्रॅम पिठाची असते, त्यात ४५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट जातं. दोन भाकऱ्या आणि वर भात म्हणजे झालंच. मी एक भाकरी, पण ताटात आधी कांदा-काकडी-मुळा, मग आमटी-उसळ आणि शेवटी भाकरी असा क्रम करतो. क्रमाने पण फरक पडतो, मोजून बघितलाय. नाचणीचं सत्त्व मात्र चांगलं म्हणून घेऊ नका, ते इतकं बारीक आणि पातळ की साखर झर्रकन चढते, नाचणीची भाकरी वेगळी आणि सत्त्व वेगळं.

दुकानातून_बोलतोय

मी नाशिकला औषधाच्या दुकानात २० वर्षं काउंटरला आहे, फार्मसीचं शिक्षण आहे. वरच्या दादांनी खाण्याचं छान सांगितलंय, मी औषधाचं सांगतो.

ताई तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र वाचा. वजन उतरलं, रात्री तीनदा लघवी, उशाशी तांब्या. ही रस लागू पडल्याची लक्षणं नाहीत, शुगर वाढल्याची आहेत. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकायला लागतात, साखरेबरोबर पाणी जातं म्हणून तहान लागते, आणि शरीराला साखर वापरता येत नाही म्हणून चरबी आणि स्नायू झिजतात, तेच वजन उतरलेलं दिसतं. आज-उद्याच तपासून घ्या. ३०० च्या वर आली, उलट्या होत असतील, पोटात दुखत असेल, श्वास जोरात चालत असेल किंवा माणूस गुंगीत वाटत असेल तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या, सकाळची वाट बघू नका.

किडनीची भीती. हे दिवसातून दहा जण विचारतात. मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. किडनी खराब होते ती वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने आणि बीपीने. आधीच किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचा डोस कमी करावा लागतो किंवा बंद करावं लागतं, म्हणून डॉक्टर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, करायला सांगतात. लोक हे उलटं धरतात. मेटफॉर्मिनचा खरा त्रास म्हणजे सुरुवातीला गॅस, जुलाब, म्हणून ती जेवणानंतर घ्यायची, आणि खूप वर्षं घेतली तर बी१२ कमी होऊ शकतं म्हणून अधूनमधून ते तपासायचं. गंमत बघा, ज्यांना झाडपाल्याचंच औषध पाहिजे त्यांना मी नेहमी सांगतो की मेटफॉर्मिनचं मूळ पण झाडपाल्यात आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक रानवनस्पती आहे, तिच्यातल्या द्रव्यांचा मागोवा घेत घेत हे औषध बनलं आणि पॅरिसच्या जाँ स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. फरक एवढाच की प्रत्येक गोळीत किती आहे ते मोजलेलं असतं.

आता महत्त्वाचं. अण्णांना परत गोळ्या सुरू करायला लावाल तेव्हा रस तसाच चालू ठेवून गोळ्या घेऊ देऊ नका, आधी डॉक्टरांना दोन्ही सांगा. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते ती बघत नाही. वर कारल्याचा ग्लासभर रस आणि सकाळी उपाशीपोटी शेतावर गेले तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर आधी मोजा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी परत मोजा, तरी खाली असेल तर परत द्या. मीटर जवळ नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका, साखर द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नका, गाडी काढा. शेतात जाताना खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायला सांगा.

मोर्णाकाठचा

माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. माझ्या सख्ख्या काकांची अकोल्यात शुगर २४० होती, त्यांनी रोज कारलं आणि मेथी सुरू केली आणि आज दोन वर्षं झाली एक गोळी नाही, एचबीए१सी ५.९ आहे. हे मी रिपोर्ट डोळ्यांनी बघून सांगतोय. त्यामुळे घरगुती उपायाने काही होतच नाही असं म्हणणं पण बरोबर नाही. काकांनी त्याबरोबर रात्रीचं जेवण सातच्या आत आणलं, रोज ५ किलोमीटर चालायला लागले, भात आणि बेकरी बंद, वजन ८९ वरून ७४ वर आलं. आणि डॉक्टरांकडे दर महिन्याला जात होते, गोळ्या डॉक्टरांनीच टप्प्याटप्प्याने कमी केल्या. पण कारलं त्यांनी एक दिवस चुकवलं नाही एवढं खरं.

दुकानातून_बोलतोय

दादा काकांचं मनापासून अभिनंदन, हे सोपं नाही. पण तुम्ही स्वतःच लिहिलंय बघा, १५ किलो वजन उतरलं. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची मोठी चाचणी झाली होती, २०१७ मध्ये निकाल आले. शुगर निघून सहा वर्षांच्या आत असलेल्या लोकांचं वजन आहारातून उतरवलं, तर वर्षभराने जवळपास निम्म्या, म्हणजे ४६ टक्के लोकांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली राहिली, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. तिथे कोणी कारलं प्यालं नव्हतं. म्हणजे काकांना जे जमलं ते वजनाने, चालण्याने आणि जेवणाने जमलं, आणि डॉक्टर बरोबर असताना जमलं. कारल्यात साखर कमी करणारे घटक आहेत, प्रयोगशाळेत दिसतात, पण माणसांवरच्या ज्या चाचण्या झाल्या त्या लहान आणि उलटसुलट निकालांच्या, त्या सगळ्या एकत्र तपासल्या तेव्हा ठाम म्हणावं असं काही निघालं नाही. कारल्याची भाजी खा, रोज खा, चांगलीच आहे. ती गोळीच्या जागी बसत नाही एवढंच.

ताईच्या अण्णांसाठी यात चांगली बातमी पण आहे. गोळ्या आयुष्यभर सुटत नाहीत हे खरं नाही, सुटू शकतात, पण क्रम असा की आधी शुगर ताब्यात, मग वजन, मग डॉक्टर गोळी कमी करतात. अण्णांनी शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीय.

पाटणची_वैद्य

मी बीएएमएस आहे, पाटण भागात १७ वर्षं प्रॅक्टिस करते. आयुर्वेदाच्या नावावर जे चाललंय ते बघून मला फार वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

आपल्या ग्रंथांत प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्या गटात येतो त्या विकारांचे, वीस प्रकार सांगितलेत आणि प्रत्येकाची चिकित्सा वेगळी आहे, जाड माणसाची वेगळी, कृश माणसाची वेगळी. सगळ्यांना एकच कडू रस हा आयुर्वेद नव्हेच. आणि काय सांगितलंय ते बघा, जव म्हणजे सातूचं अन्न, जुनं धान्य, मूग आणि भरपूर चालणं. सुश्रुतांनी तर निर्धन प्रमेही माणसाला पायात काही न घालता शंभर योजनं चालायला सांगितलंय. त्यातलं चालायचं घ्या, अनवाणीचं घेऊ नका, शुगरच्या माणसाने शेतात अनवाणी अजिबात जाऊ नये, हे का ते खाली सांगते.

कडू म्हणजे औषधी ही समजूत धोक्याची आहे. दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका, गाळून किंवा मध घालून पिऊ नका. दुधी, काकडी वर्गातल्या फळांत कधीकधी विषारी कडू द्रव्य वाढतं, त्याने रक्ताच्या उलट्या होतात, २०१० मध्ये दिल्लीत मृत्यू झाल्यावर आयसीएमआरने म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती आणि तिने कडू दुधीचा रस पिऊच नका असं सांगितलं. गुळवेल पण करोनाच्या काळात लोकांनी काढा करकरून मनाला येईल तेवढी घेतली, मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेले रुग्ण २०२१ मध्ये नोंदवले, त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं होतं, पण मी माझ्या रुग्णांना स्वतःच्या मनाने महिनोन्महिने गुळवेल घेऊ देत नाही. दालचिनीचं पण तेच, आपल्याकडे किराणा दुकानात मिळते ती बहुतेक जाड सालीची असते, तिच्यात यकृताला त्रास देणारं कूमॅरिन नावाचं द्रव्य जास्त असतं, भाजीत तुकडा टाका, पण चमचा चमचा पावडर रोज फाकायची नाही.

बेडकीचा पाला म्हणजे मधुनाशिनी, ती चघळली की थोडा वेळ साखरेची गोडी जिभेला कळतच नाही, साखर वाळूसारखी लागते. ज्यांना गोडाचा मोह आवरत नाही त्यांना मी ती देते, पण शुगर तपासत तपासत आणि इतर गोळ्या कोणत्या चालू आहेत ते बघून. बिबळ्याचा म्हणजे विजयसाराचा वर कोणीतरी उल्लेख केला, त्याच्यावर आयसीएमआरने रुग्णांवर चाचणी घेतलेली आहे, पण ठरलेल्या मात्रेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीत, लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यायलात तर किती उतरलं ते कोणाला कळणार. जांभूळ हंगामात मूठभर खा, बियांच्या पावडरीवर विसंबून राहू नका.

आता अनवाणी का नको ते, शुगरने पायाची जाणीव कमी होते आणि लागलेलं कळत नाही. अण्णांना विचारा, तळपायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटली तर कळतं का. आणि रोज रात्री आईंनी त्यांचे तळपाय बघायचे, बोटांच्या बेचक्या पण. डोळ्याला अंधारी येत होती म्हणताय तर डोळ्याचा पडदा तपासून घ्याच, नुसता चष्म्याचा नंबर नाही. ताई, माझ्याकडे आले असते तरी मी आधी गोळ्या सुरू करा म्हटलं असतं आणि मग माझं औषध.

आईची_सावली

मी सहसा कुठे लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. माझ्या आईला शुगर होती, इन्सुलिन चालू होतं, सुया टोचून टोचून कंटाळली होती. आठवडी बाजारात एक माणूस पुड्या विकायचा, म्हणायचा ४० दिवसांत शुगर मुळापासून जाणार. तिने आम्हाला न सांगता इन्सुलिन निम्मं केलं आणि पुड्या घ्यायला लागली. सुरुवातीला शुगर खरंच कमी आली, म्हणून आमचा पण विश्वास बसला, मीच पुढच्या पुड्या आणून दिल्या. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की अशा पुड्यांत इंग्रजी गोळ्या कुटून घातलेल्या सापडतात, म्हणून आधी गुण येतो, आमच्या पुडीत काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग तो माणूस बाजारात यायचा बंद झाला. सहा महिन्यांनी आईच्या पायाच्या करंगळीला ठेच लागली होती ती तिला कळलीच नाही, आम्हाला वास आल्यावर कळलं. दोन बोटं काढावी लागली. ती आता काठी घेऊन चालते.

शुगर पूर्ण बरी करतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे हे मला सगळं होऊन गेल्यावर कळलं. कुणी लेबल नसलेली पुडी दिली, ती कितीही जवळच्या माणसाने दिली तरी घेऊ नका. आणि ज्यांना लहानपणापासूनची शुगर आहे, टाइप १, त्यांनी तर इन्सुलिन एक दिवससुद्धा सोडायचं नाही, तिथे दिवसांत जीव जातो.

ताई तुम्ही ठाण्याहून फोनवर समजावत बसू नका, गावी जा. मी वेळेवर गेले नाही.

मांडवी_तीर

मी फोंड्याहून. २०२३ ला आयसीएमआरचा जो मोठा अहवाल आला त्यात देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आणि राज्यांत आमचं गोवा सगळ्यात वर, २६.४ टक्के. म्हणजे चार मोठ्या माणसांमागे एकाला. आमच्या घरात तिघं. आमचं शीत-कढी म्हणजे भात-कालवण सुटत नाही हे खरं, मग आम्ही शीत मोजून एक वाटी केलं, आणि बांगडा, तिसऱ्या, वाल, चवळीची तोणाक म्हणजे रस्सा उसळ वाढवली. सासऱ्यांनी सकाळची पेज बंद केली नाही पण जेवण झाल्यावर बसायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारायच्या असा नियम घरात सगळ्यांनाच केला. एकट्या माणसाला चाल म्हटलं की त्याला शिक्षा वाटते, सगळे चालले की वाटत नाही. बारीक माणसांनी पण गाफील राहू नये, माझा नवरा काटकुळा आहे आणि त्यालाच शुगर निघाली. पुण्याच्या केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हेच दाखवून दिलंय की आपले लोक दिसायला बारीक पण आतून पोटाशी चरबी जास्त.

कृष्णाकाठची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, आईची_सावली ताई तुमचं वाचून मी रात्रीच्याच गाडीने निघाले. नऊ दिवस झाले, आत्ता गावाहून लिहितेय.

मी काही बोललेच नाही. मीटर घेऊन गेले आणि आधी स्वतःची शुगर बघितली, मग आईची, मग अण्णा स्वतःच म्हणाले माझी पण बघ. उपाशीपोटी २४६. ते बराच वेळ मीटरकडे बघत बसले आणि म्हणाले मशीन बिघडलंय, मग मी परत हात धुऊन घेतली, २४१. मग काही बोलले नाहीत, सोप्यात जाऊन बसले. दुपारी स्वतःच म्हणाले तालुक्याला जाऊन येऊ.

डॉक्टर चांगले निघाले, रागावले नाहीत, रसाचं सगळं विचारून लिहून घेतलं. क्रिएटिनिन बरोबर आहे, त्याने अण्णांची किडनीची भीती गेली. एचबीए१सी ९.६ आलीय. गोळ्या त्याच परत सुरू केल्या, रस बंद, कारल्याची भाजी चालू. डोळ्याच्या पडद्याची तपासणी पुढच्या आठवड्यात सांगलीला आहे. पायाला सुई टोचून बघितली तर उजव्या अंगठ्याला कमी कळतंय, त्यामुळे शेतात आता बूट, त्यावरून जरा कुरबुर चाललीय पण घालतायत.

गूळ पाच चहांवरून दोनवर आलाय, ते पण अर्धा चमचा. हे सगळ्यात अवघड गेलं. अण्णा म्हणाले आपल्याच उसाचा गूळ आपल्यालाच चालत नाही म्हणजे काय, आणि खरं सांगते मला पण भरून आलं. भाकरी_कालवण दादा तुमची मेथी आईने पिठात मळली, अण्णांना थालीपीठ समजून आवडली. आज सकाळी उपाशीपोटी १७४ आहे. वहीत लिहितात स्वतः, उसाच्या पावत्या ठेवतात त्याच पिशवीत वही ठेवलीय.

एक शेवटचं विचारायचंय, अण्णा आषाढी एकादशी सोडत नाहीत, निर्जळ नाही पण साबुदाणा-वरईवर असतात. डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं. ग्लिमेपिराइड घेऊन उपास चालेल का?

दुकानातून_बोलतोय

ताई डॉक्टरांना फोन करून एकादशीच्या आधीच विचारा, हे फोनवर विचारण्यासारखंच आहे. बहुतेक डॉक्टर उपासाच्या दिवशी ग्लिमेपिराइड कमी करायला किंवा त्या दिवसापुरती न घ्यायला सांगतात, मेटफॉर्मिन बहुधा खाण्याबरोबर चालू ठेवतात, पण अण्णांचं त्यांनीच ठरवायचं. त्या दिवशी मीटर तीन-चार वेळा लावा. ७० च्या खाली आली तर उपास तिथेच सोडायचा, हे आधीच त्यांच्याकडून कबूल करून घ्या, त्या वेळी ऐकणार नाहीत.

पाटणची_वैद्य

आणि साबुदाणा नको. तो निव्वळ पिष्ट आहे, वर बटाटा घालतात. सकाळी उपाशी राहून शुगर खाली आणि खिचडी खाल्ली की एकदम वर, दोन्ही टोकं एका दिवसात होतात. राजगिऱ्याची भाकरी एक, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर दही घालून, ताक, थोडं पनीर चालत असेल तर तेही. वरई खायचीच असेल तर वाटीभर आणि आमटी भरपूर. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. रताळं उकडलेलं लहान तुकडा, गुळाचा पाक केलेलं नाही. वारीला चालत जाणार असतील तर मात्र आधी डोळे आणि पाय दाखवून घ्या, बूट नवे नकोत, महिनाभर आधी घालून मऊ झालेले पाहिजेत, आणि मुक्कामाला पोहोचले की मोजे काढून तळपाय बघायचे, बरोबर जे कोणी असतील त्यांना हे शिकवून ठेवा.

कृष्णाकाठची_लेक

वारीला जातात ते, वाखरीपासून पुढे. बूट उद्याच आणते.